लिंबानं दूध फाटतं, मोतीबिंदू विरघळत नाही

घरच्या ग्रुपवर तो मजकूर या महिन्यात तिसऱ्यांदा आला. पहिल्या दोन वेळा सोडून दिलं. या वेळी खाली सत्तरीच्या काकूंनी विचारलं होतं, "कांदा पांढराच पाहिजे का, लाल चालतो?" म्हणजे तयारी सुरू झाली होती. म्हणून हे लिहिणं आलं.

मजकुराचा सारांश असा. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यात साचलेला कफ आणि मळ. वयानुसार डोळ्यातलं 'क्रिस्टॅलिन प्रोटीन' संपतं, म्हणून तो होतो; तेव्हा अंडी, मटकी, प्रोटीन पावडर खा. पांढऱ्या कांद्याचा रस एक चमचा, आल्याचा एक, लिंबाचा एक आणि मध तीन चमचे एकत्र करून गाळायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन थेंब डोळ्यात टाकायचे. महिन्यात मोतीबिंदू विरघळतो, चष्माही सुटतो. परदेशी शास्त्रज्ञांनी २०१५ साली हे सिद्ध केलंय, पण डॉक्टर दाबून ठेवतात. ऑपरेशन केलं तरी मोतीबिंदू परत येतो. करायचंच असेल तर आधी पूर्ण पिकू द्या.

यातल्या काही गोष्टी नुसत्या खुळ्या आहेत. एक मात्र डोळा घालवणारी आहे, आणि नेमकी तीच लोक करून बघायलेत.

आधी जागा समजून घ्या. डोळ्यात पुढं जो काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, नेत्रदानात आपण ज्याला 'बुबुळ' म्हणतो, तो मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याच्या मागं पाणी, मग बाहुली, आणि बाहुलीच्या मागं नेत्रमणी, म्हणजे डोळ्याचं नैसर्गिक भिंग. नऊ-दहा मिलिमीटर रुंद, चार-पाच मिलिमीटर जाड, एका पातळ पारदर्शक पिशवीत बंद. मोतीबिंदू या भिंगात होतो. तिथं मळ साचत नाही, कफ साचत नाही, बाहेरून काही घासून निघत नाही. पांढऱ्या भागावरून बुबुळाकडं सरकणारं मांस म्हणजे वडस, बुबुळावर जखमेचा पांढरा डाग राहतो ते फूल. ही दोन्ही बाहेरची. मजकूर लिहिणाऱ्यानं वडस, फूल आणि मोतीबिंदू एकाच पोत्यात भरलेत.

आता क्रिस्टॅलिन. हा शब्द मजकुरात आल्यामुळं सगळं शास्त्रीय वाटतं, आणि शब्द खरा आहे. भिंगाच्या वजनात साधारण एक तृतीयांश प्रथिनं असतात, बाकी बहुतेक पाणी. शरीरात इतक्या दाटीनं प्रथिनं दुसऱ्या कुठल्या भागात क्वचितच सापडतील. त्यातली जवळपास नव्वद टक्के विरघळणारी प्रथिनं म्हणजे क्रिस्टॅलिन. अल्फा, बीटा आणि गॅमा असे तीन गट. नाव स्फटिकासारखं असलं तरी ती स्फटिक बनत नाहीत, आणि बनत नाहीत म्हणूनच आपल्याला दिसतं. एवढी गर्दी असून प्रत्येक रेणू शेजाऱ्यापासून ठरावीक अंतर राखून असतो. अंतर सारखं, आकार लहान, त्यामुळं प्रकाश विखुरत नाही, सरळ पार जातो.

मोतीबिंदूत ही प्रथिनं संपत नाहीत. ती एकमेकांना चिकटतात. भिंग पांढरं पडतं ते प्रथिनांच्या गठ्ठ्यांमुळं. पाच कोटी डाल्टनच्या (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) पुढचे गठ्ठे झाले, की ते प्रकाश विखुरायला पुरेसे मोठे होतात. 'प्रोटीन संपतं, म्हणून प्रोटीन भरा' हा हिशेब इथंच उलटा पडतो.

ती कशामुळं चिकटतात, हे कळलं तर पुढचं सगळं सोपं जातं. भिंगाच्या गाभ्यातल्या पेशी पारदर्शक राहण्यासाठी स्वतःचं केंद्रक आणि आतली सगळी यंत्रणा टाकून देतात. त्यामुळं तिथं नवं प्रथिन तयार होत नाही आणि जुनं बदललं जात नाही. गाभ्यातली क्रिस्टॅलिनं तुम्ही जन्मलात तेव्हाचीच असतात. हे नुसतं बोलणं नाही. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन वाढला, आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी २००८ साली भिंगातल्या क्रिस्टॅलिनमधला तोच कार्बन मोजून माणसाचं जन्मवर्ष काढता येतं हे दाखवलं. साठ-सत्तर वर्षांचं ऊन, साखर आणि ऑक्सिजन त्याच रेणूंनी सोसलेला असतो. घडी उलगडते, गंधकाचे दुवे भलत्या जागी जुळतात, रंग पिवळा-तपकिरी होतो.

यावर शरीरानं एक सोय केलेली आहे, ती म्हणजे अल्फा क्रिस्टॅलिन. हे प्रथिन उलगडलेल्या शेजाऱ्याला धरून ठेवतं, गठ्ठा होऊ देत नाही. संशोधक जोसेफ हॉरविट्झ यांनी १९९२ साली हे दाखवून दिलं. नवरात्रात तुळजापूरच्या रांगेत स्वयंसेवक पडणाऱ्याला धरतो तसंच हे काम, फक्त एकदा धरलेल्याला सोडता येत नाही आणि नवे स्वयंसेवक येत नाहीत. चाळिशी-पंचेचाळिशीपर्यंत गाभ्यातले मोकळे स्वयंसेवक जवळजवळ संपलेले असतात.

इथं नाइलाजानं मान्य करावं लागतं, की 'क्रिस्टॅलिन कमी होतं' या वाक्यात एक तुकडा खरा आहे. मोकळं अल्फा क्रिस्टॅलिन खरंच कमी होतं. पण त्यावर इलाज म्हणून सुचवलेली अंडी, मोड आलेली मटकी, प्रोटीन पावडर यांचं आतड्यात अमिनो आम्ल होतं. भिंगाला रक्तवाहिनी नाही, आणि गाभ्यात प्रथिन बनवणारं यंत्रच उरलेलं नाही. खा, अंगाला लागेल. डोळ्याच्या गाभ्यात पोचणार नाही. क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा वर्षानुवर्षं देऊन बघण्याचा प्रयोगही अमेरिकेत झाला. २००१ साली आलेल्या निकालात मोतीबिंदूवर काही फरक पडला नव्हता.

आता ते मिश्रण. इथं जास्त थांबतो, कारण माझं बाकीचं लिहिलेलं वाचलं नाही तरी चालेल, हा भाग वाचलाच पाहिजे.

चिकटलेलं प्रथिन लिंबानं सुटतं म्हणे. स्वयंपाकघरात काय होतं? दुधात लिंबू पिळलं की दूध फाटतं, म्हणजे विरघळलेलं प्रथिन गोळा होतं. आम्ल प्रथिनाला जमवतं, विरघळवत नाही. लिंबाच्या रसाचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल तीव्र) २ ते २.५, मधाचा साधारण ४, आणि अश्रूंचा ७.४ च्या आसपास. सामूचा एकेक आकडा दहापटीनं चालतो, म्हणजे निव्वळ लिंबाचा रस अश्रूंपेक्षा लाखभर पटीनं आम्लधर्मी आहे. मध आणि इतर रस मिसळल्यावर तीव्रता थोडी उतरते, पण डोळा सोसेल इतकी उतरत नाही. मागं असलेल्या भिंगापर्यंत हे पोचतच नाही, त्याच्याआधी बुबुळाच्या वरच्या थराला भाजतं. भिंग गढूळ असताना तुमच्याकडं निरोगी राहिलेला भाग म्हणजे बुबुळच होतं.

पोचत का नाही, तेही सांगतो. बाटलीतला एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटर असतो. डोळ्यात अश्रूंचा थर सातएक मायक्रोलिटरचा, आणि पापण्यांच्या आत फार तर तीसएक मावतात. बाकीचा गालावर ओघळतो आणि अश्रुनलिकेतून नाकात जातो. औषध म्हणून नीट तयार केलेल्या थेंबांतलंही पाच टक्क्यांहून कमी औषध डोळ्याच्या आत शिरतं. गाळलेला कांद्याचा रस कोणत्या वाटेनं भिंगाच्या पिशवीतून गाभ्यात जाणार?

कांदा आणि आलं काय करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. कांदा चिरताना निघणारी गंधकाची वाफ बुबुळाच्या मज्जातंतूंना चेतवते. बुबुळाला मज्जातंतूंचं जाळं फार दाट असतं, म्हणून तर एवढीशी धूळ टोचते. थेंब पडला की डोळा पेटतो, पाण्याचा लोंढा येतो आणि थोड्या वेळानं पांढरट दोरा निघतो. 'बघा, मोतीबिंदू निघाला' असं म्हणून त्याचे फोटो ग्रुपवर टाकायलेत. तो दोरा म्हणजे चिडलेल्या डोळ्यानं सोडलेला चिकट स्राव, मोतीबिंदूचा त्यात कणही नाही.

ज्यांची शुगर दहा-पंधरा वर्षं जुनी आहे त्यांचं तर आणखी वेगळं. मधुमेहात बुबुळाची संवेदना मंदावते. इतरांचा डोळा पेटतो, यांना थोडंसं चुरचुरतं. 'मला तर सोसतंय' म्हणत ते रोज टाकत राहतात. त्यांचीच जखम भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

मध घरचा असो की दुकानातला, तो निर्जंतुक नसतो. जखमेवरच्या पट्ट्यांसाठी वापरतात तो मध किरणोत्सर्गानं निर्जंतुक केलेला असतो, ही मधाच्या बाजूनं जाणारी एकमेव खरी गोष्ट. मजकुरातली बाटली तर आधी कशाची होती कोण जाणे. ती आठवडाभर फ्रिजमध्ये राहते, झाकण रोज उघडतं, ड्रॉपरचं टोक पापणीला लागतं. आम्लानं बुबुळाचा वरचा थर सोलला गेला की जंतूंना दार उघडं. आपल्याकडं त्यात आणखी भर पडते. मळणीच्या दिवसांत सोयाबीनचं फोलपट, ज्वारीचं कुसळ, उसाच्या पात्याची धार डोळ्याला लागते, आणि शेतातल्या अशा इजेबरोबर फ्युझेरियम, अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशा येतात. बुरशीचा व्रण सावकाश वाढतो आणि सावकाश बरा होतो. नाटामायसिन या बुरशीवरच्या औषधाचे थेंब सुरुवातीला तासातासाला टाकावे लागतात, इलाज कित्येक आठवडे चालतो. मधेच कुणी मेडिकलवरून 'लाली जायचे' स्टिरॉइडचे थेंब आणले तर बुरशीला मोकळं रान मिळतं. बरा झाला तरी बुबुळावर फूल राहतं.

फुलाचा तोटा तिथं थांबत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन करताना सर्जन आत बघतो ते त्याच बुबुळातून. कृत्रिम भिंगाचा नंबर काढायला बुबुळाची गोलाई मोजतात, आणि डाग पडून ती वेडीवाकडी झाली असेल तर नंबर चुकतो. जे ऑपरेशन सरळ झालं असतं ते या मिश्रणानं अवघड करून ठेवलेलं असतं.

'चष्मा सुटला' म्हणणारे खोटं बोलत नाहीत, हेही सांगायला हवं. गाभ्याचा मोतीबिंदू वाढतो तसं भिंग घट्ट होतं, त्याची प्रकाश वळवण्याची ताकद वाढते आणि डोळा जवळच्या नंबराकडं सरकतो. पासष्टीच्या आजोबांना अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो. त्याच आठवड्यात कांद्याचे थेंब सुरू झाले असतील तर श्रेय कांद्याला जातं. त्याच आजोबांना एसटीच्या पाटीवरचं गाव वाचायला सांगा. दूरचं बिघडलेलं असतं. वाचनाचा चष्मा आपोआप सुटणं हे बऱ्याचदा मोतीबिंदू वाढल्याचं चिन्ह असतं.

२०१५ च्या 'शोधाचं' काय? हा मुद्दा मजकुरातला त्यातल्या त्यात दमदार. त्या वर्षी 'नेचर' या नियतकालिकात लॅनोस्टेरॉल या शरीरात तयार होणाऱ्या स्निग्ध पदार्थाबद्दल एक संशोधन आलं, हे खरं. जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांच्या दोन कुटुंबांत हा पदार्थ बनवणाऱ्या जनुकात दोष सापडला होता. मग सशांची काढलेली भिंगं त्यात बुडवली, कुत्र्यांवर सहा आठवडे उपचार केले, आणि गढूळपणा कमी झाला असं लेखकांनी मांडलं. कांदा, लिंबू, मध यांचा त्यात उल्लेखही नाही. कुत्र्यांना नुसते थेंब टाकले नव्हते, दर तीन दिवसांनी डोळ्याच्या आत इंजेक्शन देत होते. मजकुरात हे कुठं आलंय?

त्याच वर्षी बंगळूरच्या नेत्रतज्ज्ञांनी साधी-सरळ परीक्षा घेतली. वयामुळं मोतीबिंदू झालेल्या रुग्णांची ऑपरेशनमध्ये निघालेली ४० भिंगांची केंद्रं, म्हणजे गाभे, घेतली. काही लॅनोस्टेरॉलच्या द्रावणात आणि काही त्याविना सहा दिवस ठेवली, आधी-नंतरचे फोटो जुळवून बघितले. काहीही फरक नाही. हा निकाल 'इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी'त छापला आहे, कुणी दाबून ठेवलेला नाही. नीट विचार करा. बुबुळ नाही, पाणी नाही, पिशवी नाही, औषध थेट मोतीबिंदूला लागलेलं, तेही सलग सहा दिवस. एवढी सवलत मिळूनही आपल्याकडच्या माणसांचा पिकलेला मोतीबिंदू ढिम्म हलला नाही. दुकानात मिळणाऱ्या 'कार्नोसिन' थेंबांबद्दल वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यानंही भरवशाचा पुरावा सापडला नाही असंच म्हटलंय.

गढूळपणा कधीच परत जात नाही का? काही वेळा जातो, आणि अर्धवट माहितीवाले नेमकं तेच पकडतात. बाळाला गॅलॅक्टोसेमिया हा दुधातली साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार असेल आणि दूध वेळीच बंद केलं, तर सुरुवातीचा मोतीबिंदू ओसरू शकतो. शुगर भलतीच चढल्यामुळं तरुणाच्या भिंगाला आलेला गढूळपणा क्वचित शुगर उतरल्यावर कमी होतो. वासराचं भिंग थंड केलं तर पांढरं पडतं, गरम केलं की पुन्हा स्वच्छ होतं, कारण तिथं गॅमा क्रिस्टॅलिन नुसतं वेगळं झालेलं असतं, घट्ट बांधलेलं नसतं. उकडलेल्या अंड्याचं एक प्रथिन पुन्हा मूळ घडीत आणण्याचा प्रयोगही २०१५ मध्येच झाला, पण त्यासाठी अंडं युरियाच्या दाट द्रावणात विरघळवून यंत्रात गरागरा फिरवावं लागलं. हे सांगितलं म्हणून कुणी खताची गोणी उघडू नका.

'आयुर्वेदात ऑपरेशनशिवाय इलाज आहे' असंही मजकुराच्या शेपटीला जोडलंय. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात, सतराव्या अध्यायात, कफज लिंगनाशासाठी, म्हणजे मोतीबिंदूसारख्या विकारासाठी, शलाका म्हणजे सुई वापरायला सांगितली आहे. खुद्द सुश्रुतांनी इथं शस्त्र हातात घेतलं. आता ती पद्धत कुणी करू नये, कारण त्यात भिंग डोळ्याच्या आतच मागं ढकललं जातं.

'परत येतो' हे अर्धं खरं. काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. कृत्रिम भिंग ज्या पिशवीत बसवतात तिचा मागचा पडदा काही जणांत महिन्यांनी-वर्षांनी धूसर होतो. याग लेझरनं त्याला मधोमध भोक पाडतात, काही मिनिटांचं काम, चिरा नाही. 'लेझरनं मोतीबिंदू काढतात' या गैरसमजाचं मूळही बऱ्याचदा इथंच असतं.

'पिकू द्या' मात्र हसण्यावारी नेऊ नका. पूर्वी अख्खं भिंग पिशवीसकट काढत तेव्हा पिकण्याची वाट बघत असत. आता फेको नावाच्या पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून भिंग फोडून ओढून घेतात, आणि सहा-सात मिलिमीटरच्या बिनटाक्याच्या छेदातूनही काम होतं. जितका पिकेल तितका गाभा दगडासारखा, तितकं काम जोखमीचं. त्याहून वाईट म्हणजे अतिपिकलेल्या मोतीबिंदूचं बाहेरचं आवरण पातळ होऊन आतली क्रिस्टॅलिनं पिशवीतून पाझरतात. ती खायला आलेल्या पेशी डोळ्यातलं पाणी निघून जायची जाळी बुजवतात आणि दाब एकदम चढतो. डोळा लाल, कपाळ फुटेल असं दुखणं, उलट्या. उलट्या बघून घरचे पित्त समजतात, डॉक्टरही कधी कधी. आणि थोड्या दिवसांत नजर कायमची जाऊ शकते. म्हातारं माणूस, एक डोळा पांढरा दिसतोय, त्याच बाजूचं डोकं दुखतंय आणि उलट्या होतायत, तर त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर.

ऑपरेशन कधी, याचं उत्तर पिकण्यात नाही, कामात आहे. सुईत दोरा ओवता येत नाही, रात्री समोरच्या गाडीचा उजेड फुटून दिसतो, पायरी चुकते, औषधाच्या पट्टीवरचं वाचता येत नाही, ही वेळ. देशभरच्या २०१५-१९ च्या सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांच्या अंधत्वात ६६.२ टक्के वाटा मोतीबिंदूचा निघाला. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि शासकीय जिल्हा रुग्णालयात हे ऑपरेशन मोफत होतं. जाताना जुनी औषधं आणि शुगर-बीपीचे कागद न्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, आधी सांगा. ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा नजर कमी झाली तर पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर तासांचा हिशेब असतो.

मोतीबिंदू लांबवता येतो का, हा मजकुरात नसलेला पण खरा प्रश्न. तंबाखू ओढणं बंद, शुगर ताब्यात, दुपारच्या उन्हात शेतात रुंद कडांची टोपी किंवा अतिनील किरण अडवणारा गॉगल, आणि दम्याच्या, सांधेदुखीच्या नावाखाली चालणाऱ्या स्टिरॉइडवर नजर. यानं उशीर होऊ शकतो. झालेला मोतीबिंदू जात नाही.

आणि ज्यांनी थेंब टाकून झालेत त्यांच्यासाठी. नुकतंच टाकलं असेल तर नळाखाली किंवा तांब्यानं स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं सोडा, पापण्या बोटांनी उघड्या धरा, डोळा चोळू नका, पट्टी बांधू नका, घरातले जुने थेंब घालू नका. दोन-चार दिवसांपासून टाकताय आणि आता उजेड सहन होत नाही, सारखं पाणी येतंय किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय, तर डोळ्याच्या डॉक्टरकडं जा आणि ती मिश्रणाची बाटली सोबत न्या. लाजू नका. व्रण कशाचा आहे हे ठरवताना तिचा उपयोग होतो.

काकू, लाल कांदाही नाही.